शेठ वालचंद हिराचंद आणि आपल्या शाळेचा पाया



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या कामाशी संबंधित एका थोर व्यक्तीबद्दल लिहावं, असं समितीने कळवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा संगणकाच्या जगातलं एखादं नाव येईल असं बहुतेकांना वाटलं असणार. मी मात्र सोलापूरच्या एका कंत्राटदाराबद्दल लिहिते आहे. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, गेली बरीच वर्षं मी पुण्यात बांधकाम कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. किती काम झालं, त्याचं मोजमाप काय, बिल किती निघालं, साहित्य किती आलं आणि किती लागलं, याचा हिशेब ठेवणारं हे सॉफ्टवेअर. दुसरं कारण आपल्या सगळ्यांचं आहे. आपली १९९६ची बॅच शाळेला दोन वर्गखोल्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून देणार आहे. म्हणजे काही महिन्यांपुरती का होईना, आपणही एक छोटी बांधकाम कंपनीच होणार आहोत.

बांधकाम कंपनीच्या ऑफिसात गेलं की दाराशीच एक पाटी दिसते. आमची मूल्ये: सचोटी, गुणवत्ता, सुरक्षितता, वेळेचं पालन. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण यादी सगळीकडे साधारण तीच. मी या पाट्यांची चेष्टा करत नाही. एक मात्र कामातून कळलं. ही मूल्यं पाटीवरून ओळखता येत नाहीत, मोजमापाच्या वहीवरून येतात. ज्या कंपनीच्या वहीत रोजच्या नोंदी रोज होतात, खोदकामात मुरूम किती आणि कठीण खडक किती हे खरं लिहिलेलं असतं, मजुरांचा आठवड्याचा पगार बिल अडकलं तरी थांबत नाही, त्या कंपनीला पाटीची फारशी गरज पडत नाही. हे सगळं पाटीशिवाय करून दाखवणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याच्या काही गोष्टी आपल्याला उपयोगी पडतील, काही गोष्टींपासून सावध राहावं लागेल. म्हणून हा लेख.

शेठ वालचंद हिराचंद यांचं नाव सगळ्यांना आठवेलच असं नाही, पण त्यांच्या वस्तू आपण वापरल्या आहेत. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या दुकानातून आपण जी पान पसंद घेत होतो ती रावळगावची. रावळगावचा कारखाना त्यांचा. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी ज्या कंपनीची, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्सही त्यांनीच काढलेली. सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्या नावाचं. आपल्या बॅचच्या दोघांना तिथे प्रवेश मिळाला होता, हेही आठवत असेल. पण साखर, गोळ्या, मोटारी, जहाजं, विमानं हे सगळं नंतरचं. त्यांची सुरुवात झाली ती माती टाकून रूळ बसवण्याच्या कामापासून.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणं गुजराती दिगंबर जैन, आडनाव दोशी, मूळ काठेवाडातलं. व्यापारासाठी महाराष्ट्रात आलं आणि इथलंच झालं. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता. कापसाचा धंदा म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. वालचंद जन्मले आणि लवकरच त्यांची आई वारली. सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला गेले, पण पदवी न घेताच घरी परतले. घरची पेढी, व्याज, कापसाच्या गाठी यात त्यांचं मन रमेना. बसल्या जागी पैशाने पैसा वाढवण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, हा त्यांचा पिंड होता.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटं घेऊ पाहत होते. टेंडर कसं भरायचं, साहेबाच्या ऑफिसात कागद कुठून कुठे जातो, मोजमाप कसं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. भांडवल नव्हतं. वालचंदांच्या घरी पैसा आणि पत होती, रेल्वेचं ज्ञान नव्हतं. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकाराचा मुलगा एकत्र आले आणि पुढे फाटक वालचंद ही कंपनी झाली. त्या काळी भागीदारी बहुधा जातीत नाहीतर नात्यात होई. वालचंदांनी भागीदार निवडला तो कामाच्या माहितीवर. पाटीवर लिहिलं नसलं तरी त्यांच्या धंद्याचं हे पहिलं तत्त्व म्हणता येईल.

त्यांची पहिली कामं बार्शी लाइट रेल्वेची. येडशी-तडवळे भागात या रेल्वेचा फाटा वाढत होता, त्यातला छोटा तुकडा या जोडीने घेतला. इथे आपल्या दारव्हेकरांनी जरा थांबावं. बार्शी लाइटचा रूळ अडीच फुटी, म्हणजे अगदी आपल्या शकुंतलेचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही आपली शकुंतला त्याच काळातली, कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. ती विलायती मालकीच्या कंपनीची, किलिक निक्सनच्या व्यवस्थेखालची. १९९४ पर्यंत तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं होतं. मोतीबाग स्टेशनात ते शिट्टी द्यायचं आणि आपला गणिताचा तास क्षणभर थांबायचा. मालक विलायतेत, इंजिन विलायतेचं, कापूस आपला आणि घमेली उचलणारे हात आपले, अशी तेव्हाच्या रेल्वेची वाटणी होती. या वाटणीत कंत्राटदाराच्या जागी एक देशी माणूस येऊन बसला, याचं महत्त्व शकुंतलेतून प्रवास केलेल्यांना लवकर कळेल.

कंत्राटदारी म्हणजे नेमकं काय, हे ज्यांचा त्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काम मिळण्याआधी बयाणा भरावा लागतो, मिळाल्यावर सुरक्षा ठेव. मग मजूर, मुकादम, गिट्टी, चुना, सिमेंट, अवजारं, सगळं आपल्या पैशाने उभं करायचं. मजुरांना दर आठवड्याला पैसे द्यायचे. बिल मात्र महिन्याने, तेही मोजमाप झाल्यावर आणि साहेबाची सही झाल्यावर. त्यातलाही काही भाग काम पूर्ण होऊन मुदत संपेपर्यंत सरकारकडेच राहतो. म्हणजे कंत्राटदार बुडतो तो बहुतेक वेळा तोट्याने नाही, रोख संपल्याने. कागदावर नफा दिसत असतो आणि शनिवारी पगाराला पैसे नसतात. अशा शनिवारीच मूल्यांची परीक्षा होते. सिमेंट कमी घालायचं, खडकाच्या दराने मुरूम लावायचा की मजुरांना पुढच्या आठवड्यावर ढकलायचं, हे तीन चोर-दरवाजे प्रत्येक कंत्राटदाराला दिसतात. वालचंदांनी चौथा रस्ता धरला. ते जास्त भांडवल, मोठा भागीदार आणि मोठं काम शोधत गेले. या रस्त्याने त्यांना खूप वर नेलं आणि आयुष्यभर कर्जातही ठेवलं.

पहिल्या महायुद्धात लष्कराची बांधकामं निघाली आणि फाटक वालचंदची भरभराट झाली. युद्ध संपल्यावर, १९२० च्या सुमारास, वालचंदांनी टाटांना बरोबर घेतलं आणि टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. काम पाहणार वालचंद, पण पाटीवर नाव टाटांचं. स्वतःच्या नावाचा आग्रह त्यांनी धरला नाही. मोठ्या कामाला मोठं भांडवल आणि त्या भांडवलामागे लोकांचा विश्वास लागतो, तो टाटांच्या नावाला होता. पुढे टाटा बाजूला झाले आणि १९३५ मध्ये ती प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली. दरम्यान १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली होती. आज एचसीसी म्हणतात ती हीच.

या काळातलं त्यांचं सर्वांत नावाजलेलं काम म्हणजे बोरघाटातले बोगदे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी हा घाट रेल्वेने कितीदा तरी ओलांडला असेल. १८६३ साली जी पहिली लाइन घाटातून गेली, तिला सरळ वर चढता येत नव्हतं. खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावलं जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. ही अडचण काढायची तर नवे बोगदे खणून मार्ग बदलावा लागणार होता. चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, पावसाळ्यात धो धो पाणी आणि शेजारच्या जुन्या लाइनवर गाड्या चालूच. असली कामं देशी कंपनीने घेण्याची तेव्हा रीत नव्हती. वालचंदांच्या कंपनीने ती घेतली आणि पुरी केली. १९२९ मध्ये खंडाळ्याचं ते उलटं फिरणं बंद झालं. आज डेक्कन क्वीन न थांबता घाट चढते त्यामागे हे काम आहे.

बोगद्याच्या कामाबद्दल एक इंजिनिअर म्हणून मला एक गोष्ट नेहमी जाणवते. गाडीत बसलेल्या माणसाला बोगदा म्हणजे दोन-तीन मिनिटांचा अंधार. आतलं अस्तर किती जाड, मागे पोकळी राहिली की गच्च भरली, पाण्याला वाट नीट दिली की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. खणणाऱ्याला, भरणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला तेवढं ठाऊक असतं. जवळपास शंभर वर्षं त्या बोगद्यांतून गाड्या जात आहेत. सचोटीचा पुरावा असा उशिरा मिळतो, आणि तो मिळतो तेव्हा काम करणारा हयात नसतो.

त्याच कंपनीने तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे प्रचंड नळ टाकले. सिंधू नदीवर कालाबाग इथे पूल बांधला, ब्रह्मदेशात इरावतीवर पूल बांधला. सोलापूरच्या पेढीतला मुलगा पंचवीस-तीस वर्षांत पेशावरकडच्या मुलखापासून ब्रह्मदेशापर्यंत पोचला होता.

बांधकामाच्या बाहेरच्या त्यांच्या उद्योगांत मी फार शिरत नाही, पण तीन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्यांतून माणूस कळतो.

पहिली जहाजाची. १९१९ मध्ये रेल्वेच्या प्रवासात त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायचं आहे. युद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. समुद्राचा धंदा वालचंदांना मुळीच ठाऊक नव्हता. तरी नरोत्तम मोरारजी यांच्यासारखे सोबती घेऊन त्यांनी ते घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र जुनं आणि खर्चिक निघालं, काही वर्षांत ते भंगारात गेलं. विलायती कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला घेरलं. कंपनी टिकली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ पासून जवळजवळ दोन दशकं वालचंद तिचे अध्यक्ष होते.

दुसरी जहाजबांधणीची. जहाजं विकत घेण्यापेक्षा इथेच बांधावीत असं त्यांनी घेतलं. कलकत्त्याला जागा मिळेना, तेव्हा विशाखापट्टण निवडलं. आराखडा सर अलेक्झांडर गिब यांच्या विलायती संस्थेकडून करून घेतला. स्वदेशीचा कैवारी माणूस, पण ज्या कामातलं ज्ञान इथे नाही ते जिथे असेल तिथून आणायचं आणि आपल्या माणसांना शिकवायचं, असा त्यांचा रोख. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरीही काम पुढे गेलं आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज पाण्यात सोडलं.

तिसरी विमानाची. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली. त्यातून म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारने ती ताब्यात घेतली. आजची एचएएल ती हीच. ज्या कामासाठी जिवाचं रान केलं ते दोन वर्षांत हातातून गेलं, आणि हा गृहस्थ १९४४ मध्ये मोटारींची कंपनी काढून मोकळा.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही आरती चालली आहे. तसं नाही. त्यांच्या आयुष्यात अडचणीच्या जागा आहेत आणि आपल्या कामासाठी त्या पाहणं जास्त गरजेचं आहे.

वालचंद राष्ट्रीय चळवळीचे पाठीराखे होते, काँग्रेसच्या नेत्यांशी त्यांचे निकटचे संबंध होते, व्यापाऱ्यांच्या फिक्की या संघटनेचे ते अध्यक्ष झाले आणि महाराष्ट्रातल्या व्यापारी मंडळींची चेंबर १९२७ मध्ये त्यांनीच उभी केली. पण त्यांच्या कमाईचा मोठा वाटा ब्रिटिश सरकारच्या रेल्वेतून आणि लष्कराच्या बांधकामांतून आला. एका हाताने सरकारशी भांडायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच सरकारचं टेंडर भरायचं, ही कसरत त्यांना जन्मभर करावी लागली. मला यात ढोंग दिसत नाही, पण ताण नक्की दिसतो. सरकारी काम करणाऱ्या आपल्या मित्रांना तो कळेल.

दुसरी गोष्ट जमिनीची. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ आणि मालेगाव तालुक्यात रावळगावला त्यांनी माळरानावर ऊस उभा केला, कारखाने काढले. वालचंदनगर ही तर आखीव वसाहत झाली. कामगारांना घरं, मुलांना शाळा, दवाखाना. ओसाड जमीन हिरवी झाली हे खरं. पण खाजगी साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी महाराष्ट्रातल्या खंडकरी शेतकऱ्यांना पुढे कित्येक दशकं झगडावं लागलं, हेही खरं. १९६१च्या जमीनधारणा कायद्याने त्या जमिनी कारखान्यांकडून निघून शेती महामंडळाकडे गेल्या, मूळ मालक वाट पाहत राहिले. हा दोष एकट्या वालचंदांचा नाही. मात्र मोठं काहीतरी उभं राहतं तेव्हा कोणाच्या तरी पायाखालची जमीन सरकलेली असते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आपल्या बॅचने विसरू नये.

तिसरी गोष्ट वारशाची. त्यांच्या एचसीसीने पुढे केरळात इडुक्कीचं कमानी धरण बांधलं, मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. याच समूहाच्या लवासा प्रकल्पाला २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि २०१८ मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. संस्थापकाचा फोटो भिंतीवर असला म्हणजे त्याचा नेम प्रत्येक कामाला आपोआप लागतो असं नाही. तो प्रत्येक पिढीला, प्रत्येक साइटवर नव्याने लावावा लागतो.

१९४९-५०च्या सुमारास वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. आयुष्यभर गाडीत, बोटीत, विमानात असलेला माणूस अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, कारभार भाऊ आणि जवळच्या मंडळींकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. लॉयल्टी निघाली त्या तारखेला तीन दिवस उलटले होते. जहाजाचा कारखाना आदल्याच वर्षी सरकारकडे गेला होता, विमानाचा त्याआधीच. मागे उरले बोगदे, पूल, नळ आणि शेकडो शिकलेले हात.

आता आपल्या शाळेकडे येते.

आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने जी चर्चा चालली आहे ती सगळ्यांनी वाचली आहे. बॅचमधले तिघे बांधकामाच्या धंद्यात आहेत आणि तिघांनीही काम करायची तयारी दाखवली आहे. काहींचं म्हणणं, आपल्याच मित्राला द्या, तो नफा घेणार नाही, हिशेब कसला मागता. काहींचं म्हणणं, मित्राला देऊच नका, उद्या भिंतीला तडा गेला तर मैत्रीलाही जाईल. दोन्ही बाजूंचा आवाज थोडा चढला, दोघे ग्रुप सोडूनही गेले. तीस वर्षांनी आपण एकत्र येतो आहोत ते यासाठी नाही. म्हणून वालचंदांच्या धंद्यातून मला जे दिसतं ते मांडते. पटलं तर घ्या.

काम मित्राला द्यायला हरकत नाही. वालचंदांनी फाटकांना भागीदार केलं ते फाटक कामातले होते म्हणून. तिघांपैकी ज्याने काळ्या मातीवरची बांधकामं केली आहेत आणि ती उभी आहेत, त्याला द्यावं. तिघांचे दर बंद पाकिटात मागवावेत आणि गुरुजनांसमोर उघडावेत. यात अविश्वास नाही. उलट ज्याला काम मिळेल त्याच्यामागे कुणी कुजबुजणार नाही, ही त्याचीच सोय आहे.

मित्राने फुकट करू नये. नफा न घेणारा कंत्राटदार शेवटी कुठूनतरी तो भरून काढतो, किंवा स्वतः बुडतो. त्याचा वाजवी नफा लिहून द्यावा. बिल मोजमापानुसार दर पंधरा दिवसांनी द्यावं, म्हणजे मजुरांचा शनिवार चुकणार नाही. थोडी रक्कम दोन पावसाळे जाईपर्यंत ठेवून घ्यावी. हेही आधी लिहून.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पाया. आपली शाळा काळ्या मातीवर उभी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या इमारतीत आठवीच्या वर्गाच्या भिंतीला जो तिरपा तडा आहे, ज्यात आपण खडूचे तुकडे कोंबायचो, तो याच मातीने पाडला आहे. पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्यायलाच हवा. माती फार खोल असेल तर खाली फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत. रुरकीच्या संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले आहेत. खर्च वाढेल. त्यासाठी रंग, टाइल्स आणि आपल्या नावांची संगमरवरी पाटी कमी करता येईल. स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासून घ्यावेत. स्लॅबवर निदान दहा दिवस पाणी राहील याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असावी, सगळ्यांवर नाही. सगळ्यांवर टाकलेलं काम कोणीच करत नाही, हे आपल्या वर्गाचा फळा पुसण्याच्या पाळीवरून सिद्ध झालेलं आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर मी विनामूल्य देते, ते माझं काम आहे. पण सॉफ्टवेअर खोटी नोंदही तेवढ्याच चोख ठेवतं. म्हणून एक विनंती आहे. पायाचे खड्डे पूर्ण खोल गेले की ते भरण्याआधी एक दिवस काम थांबवावं. त्या दिवशी जे दारव्ह्यात असतील त्यांनी यावं, टेप लावून खोली मोजावी, तळाचा मुरूम हाताने पाहावा आणि वहीत सही करावी. आपल्या विज्ञानाच्या सरांनी आणि मॅडमनीही यावं. तब्येत बरी नसेल तर खुर्ची आणि सावली करून देऊ. मी पुण्याहून येणार आहे. दुसऱ्या दिवशी खड्डे भरले जातील, आणि त्यानंतर आपल्यापैकी कोणालाही तो पाया पुन्हा दिसणार नाही.